बिनसाखरेचा तुकडा

पंढरीनाथ भोईरचा हात आधी चालायचा, तोंड मागून. साऱ्या काशीगावाला हे ठाऊक होतं आणि निम्म्या गावानं ते डोळ्यांनी पाहिलंही होतं. उलट उत्तर दिलं म्हणून टँकरवाल्याच्या कानाखाली काढलेला जाळ, गेटात आडवी लावली म्हणून दगडाने फोडलेली गाडीची काच, आणि हळदीच्या मांडवात सख्ख्या मेव्हण्याचा पाडलेला दात. प्रत्येक वेळी रागाचा भर ओसरला की पंढरीनाथ खाली मान घालून बसायचा, दोन दिवस धड जेवायचा नाही, बायकोला म्हणायचा, चुकलंच माझं. पण नंतरचं ते नंतरचं. मेव्हण्याचा दात काही परत उगवला नाही.

या माणसाने आयुष्यात एकाच जिवावर कधी हात उचलला नव्हता, आणि तो जीव म्हणजे खंडू. ऐन चंपाषष्ठीला बिल्डिंगच्या गेटाजवळच्या रेतीच्या ढिगात सापडलेलं कुत्र्याचं तांबूस पिल्लू. खंडोबाचा दिवस आणि खंडोबाचं जनावर, मग दुसरं नाव कोण ठेवणार? खंडू रात्री वॉचमनच्या खुर्चीखाली झोपायचा आणि दिवसा पंढरीनाथच्या पायाशी. सहा वर्षांत दोघांनी एकमेकांना कधी दुखावलं नाही.

भोईरांच्या घरात एक रीत होती. घरात काही नवं, काही गोडाधोडाचं आलं की पहिला वाटा कुत्र्याचा. मिठागरं होती, भातशेती होती तेव्हापासूनची ही रीत. पुढे शेतावर सात मजली टॉवर उभा राहिला, भोईर पहिल्या मजल्यावर राहायला आले आणि रीतही त्यांच्याबरोबर लिफ्टने वर आली. पण दोन वर्षांपूर्वी खंडूला खरूज झाली, पाठीवरचे केस झडले आणि प्राण्यांच्या डॉक्टरने बजावलं, गोड एकदम बंद. पंढरीनाथने ते असं मनावर घेतलं की बिस्किटं देणाऱ्या बिल्डिंगमधल्या पोरांच्या अंगावर तो धावून जायचा. "साकर म्हंजे विष हाय त्याला, विष!" असं ओरडायचा. तेव्हापासून पहिला वाटा म्हणून खंडूला कोरडी भाकरी मिळत होती आणि ती घालताना पंढरीनाथचा जीव तुटायचा.

तिसऱ्या मजल्यावर उत्तम साटम राहायचा. परळच्या चाळीतून आलेला, विम्याच्या ऑफिसात नोकरी, बायको विनिता, शाळकरी मुलगी पिंकी. दिवाळीत खंडू पिंकीच्या सायकलमागे भुंकत धावला, पोरगी पडली, हनुवटीला तीन टाके पडले. उत्तमने त्या दिवसापासून अर्जांचा धडाका लावला. सोसायटीला अर्ज, महापालिकेला अर्ज, अर्जाचं काय झालं म्हणून पुन्हा अर्ज. एका रविवारच्या मीटिंगमध्ये तो उभा राहून म्हणाला होता, "तुमच्याकडून होत नसेल तर सांगा. मी करतो याचा बंदोबस्त."

पंढरीनाथचा पुतण्या बंटी तिथेच बाह्या सरसावून उठला होता. चार माणसांनी त्याला खाली बसवलं. खरं तर साटमचा बंदोबस्त म्हणजे आणखी एक अर्जच, दुसरं काय? ज्याने आयुष्यात झुरळावरही चप्पल उगारली नाही, तो माणूस काय बंदोबस्त करणार होता! पण शब्द तोंडातून गेला होता आणि पंढरीनाथने तो गाठीला बांधून ठेवला होता.

पुढच्या रविवारी शांतीचा वाढदिवस होता. शांती म्हणजे पंढरीनाथची बायको. बारा वर्षांची मधुमेही, चहासुद्धा कडू पिणारी. मुलगी चांदणी आणि जावई प्रणय दुपारी जेसल पार्कहून गाडीने आले आणि चांदणीने टेबलावर भलामोठा केक ठेवला.

"आई, आज पोटभर खा. साखरेचा कण नाहीये यात. घरी केक करणारी एक बाई आहे आमच्याकडे, ती खास डायबिटीसवाल्यांसाठी करते."

"कन न्हाय?" पंढरीनाथने विचारलं.

"नाही बाबा. कसल्यातरी झाडापासून काढतात म्हणे ती गोडी. शुगर वाढतच नाही."

पंढरीनाथचे डोळे चमकले. शांतीने केक कापला, तसा त्याने पहिला तुकडा उचलून बशीत घेतला.

"अवो, त्याला कशाला?" शांती म्हणाली. "खाज सुटंल त्याला परत."

"साकरच न्हाय तर खाज कशी सुटंल? तुला चालते ना? मंग त्याला काय व्हतंय!"

यात त्याचं काही चुकलं असं कुणालाच वाटलं नाही. चांदणी हसली, प्रणयने फोटो काढला. पंढरीनाथ बशी घेऊन खाली गेला आणि गेटापाशी उकिडवा बसून त्याने खंडूला हाताने केक भरवला. दोन वर्षांनी गोड मिळालं होतं. कुत्र्याने तुकडा एका घासात संपवला आणि त्याचा तळवा चाटचाट चाटला. पंढरीनाथला भडभडून आलं. तो वर जाऊन दुसरा तुकडा घेऊन आला, मग तिसरा. तिसऱ्या खेपेला शांतीने कपाळावर हात मारून घेतला, पण ती मनातून खूश होती.

अर्धा तास झाला असेल नसेल, खालून वॉचमन कुलदीपची हाक आली. "सेठ! सेठ, जल्दी आओ! खंडू को कुछ हो गया!"

पंढरीनाथ अनवाणी धावला. खंडू कचऱ्याच्या डब्याजवळ ओकत होता. उठायला गेला आणि मागचे पाय फाकून बदकन पडला. पुन्हा उठला, दारू प्यायल्यागत झोकांडी खाल्ली, भिंतीवर आपटला. मग त्याचं सगळं अंग ताठ झालं, जबडा कडकडा वाजायला लागला, तोंडातून फेस आला. पंढरीनाथने त्याचं डोकं मांडीवर घेतलं तर डोळे नुसते पांढरे.

"काय खाल्लान यानं? काय खाल्लान?" तो ओरडला.

डब्याच्या बाजूला फाटलेली एक पिशवी पडली होती आणि तिच्यातून हिरवट बुरशी आलेला पाव बाहेर लोळत होता. पंढरीनाथची नजर त्यावर गेली.

"ये किसने डाला?"

कुलदीप चाचरला. "साटम साब अभी कचरा डाल के गए... मैंने कुछ नहीं देखा, सेठ."

बस्स. पंढरीनाथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मीटिंगमधला तो शब्द त्याच्या कानात वाजायला लागला. बंदोबस्त. प्रणयने गाडी काढली, चांदणीने खंडूला चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर घेतलं आणि दार उघडं धरलं.

"बाबा, बसा लवकर!"

"तू जा. मी हिकडचं बघतो."

"बाबा, आत्ता भांडण नको, प्लीज..."

"जा म्हनतो ना!"

गाडी गेली. त्या गाडीत बसला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, पण रागाच्या भरात शहाणपण सुचलं असतं तर तो पंढरीनाथ कसला!

तीन मजले तो जिन्याने चढला. बंटी खालच्या पार्किंगमध्ये बाईक धूत होता. काकाचं तोंड बघून तोही मागे निघाला आणि निघताना कोपऱ्यातला नळाचा लोखंडी पाइप उचलायला विसरला नाही.

उत्तम जेवायला बसला होता. बोटांना वरणभात लागलेला, अंगात बनियन, तसाच त्याने दरवाजा उघडला. "काय झालं, भोईर?" एवढंच तो म्हणाला. पहिली थप्पड अशी बसली की चष्मा उडून चपलांच्या स्टँडमागे गेला. दुसरी नाकावर. रक्ताची धार बनियनवर आली तरी उत्तमचा खरकटा हात अजून तसाच अधांतरी होता, कुठे पुसावा ते कळत नसल्यासारखा.

"माझ्या खंडूला घातलंस? मुक्या जनावराला?"

"काय घातलं? अहो, काय बोलताय तुम्ही?"

पंढरीनाथने त्याचं बनियन गळ्याशी पिळून धरलं आणि त्याला फरफटत बाहेर ओढलं. विनिता स्वयंपाकघरातून किंचाळत आली. तिने नवऱ्याचा दंड धरला, बंटीने तिला ढकलून दिलं. पिंकी आतल्या दारात उभी होती. जिन्याच्या पहिल्याच वळणावर उत्तमचा तोल गेला. तो आठ पायऱ्या गडगडत खाली आला आणि पंढरीनाथने त्याला उठू दिलं नाही. केसांना धरून ओढलं. गुडघे प्रत्येक पायरीवर आपटत होते आणि प्रत्येक मजल्यावर दारं किलकिली होऊन पुन्हा लागत होती. सोडवायला कोणी आलं नाही. भोईराच्या मध्ये पडायचं म्हणजे आपला दात हातात घ्यायची तयारी हवी.

पार्किंगमध्ये येईपर्यंत चाळीसएक माणसं जमली होती. अर्धी बिल्डिंगची, अर्धी गावातली. चार-पाच मोबाइल वर झाले होते.

पंढरीनाथने डब्याजवळचा तो पाव उचलला आणि उत्तमच्या तोंडासमोर धरला. "खा."

"भोईर, शिळा पाव आहे हो तो. बुरशी आली म्हणून कचऱ्यात टाकला. पिशवी फाटली असेल. देवाशपथ सांगतो, मी काही..."

"मंग खाऊन दाखव! काय न्हाय ना त्याच्यात? खा!"

उत्तमने भोवती पाहिलं. मोबाइल तसेच वर होते. त्याने पाव घेतला आणि खाल्ला. माती लागलेला, बुरशी आलेला तो पाव त्याने चावून चावून, नाकातून ओघळणाऱ्या रक्तासकट गिळला. एकदा उमासा आला, तोही गिळला. विनिता जिन्याच्या तोंडाशी उभी राहून बघत होती आणि रडायचंही विसरली होती.

"खाल्ला," उत्तम म्हणाला. "आता तरी पटलं?"

खरं सांगायचं तर तेव्हाच पंढरीनाथला शंका आली. विष घालणारा माणूस असं चावून खाईल? पण इतक्या माणसांसमोर वर चढलेला हात रिकामा खाली आणायचा कसा, हे त्याला कधी जमलंच नव्हतं.

"नाटक करतंय, काका," बंटी म्हणाला. "एवढ्याशानं मानसाला काय व्हतंय?" आणि त्याने उत्तमच्या कमरेत लाथ घातली. उत्तम तोंडावर पडला. मग पंढरीनाथनेही घातली, बरगडीत, एक, दोन, तीन. तिसरीला आत काहीतरी मोडल्याचं त्याच्या पायाच्या बोटांना कळलं. उत्तम गुरासारखा हंबरला. बंटीने पाइप त्याच्या पोटरीवर मारला, मग कोपरावर. कुलदीप हात जोडून "बस करो भैया, मर जाएगा" म्हणत मध्ये आला, त्याला बंटीने एक फटका देऊन बाजूला केलं.

तेवढ्यात पंढरीनाथच्या खिशातला मोबाइल वाजला. चांदणीचा होता.

त्याने हात वर केला. बंटी थांबला. सगळे थांबले.

"बाबा," चांदणी हुंदके देत होती, "विष नाहीये. कोणी काही घातलं नाहीये त्याला. आपला केक होता, बाबा."

"काय?"

"डॉक्टरांनी त्याच्या रक्तातली साखर बघितली. मशीनवर आकडाच येईना इतकी खाली गेलीय. त्यांनी विचारलं, शुगर-फ्री काही दिलं होतं का? मी केकवाल्या बाईला फोन लावला. त्या झाडाच्या गोडीला झायलिटॉल म्हणतात. माणसाला चालते, पण कुत्र्याच्या पोटात गेली की त्याची साखर एका झटक्यात उतरते, मग फिट येते, लिव्हर खराब होतं. डॉक्टर म्हणाले, साधा साखरेचा असता तर फार तर पोट बिघडलं असतं. किती दिला होता तुम्ही?"

"तीन," पंढरीनाथ म्हणाला.

"तीन तुकडे? अरे देवा... ग्लुकोजचं सलाईन लावलंय. जीव आहे अजून. बाबा? तिकडे कोण ओरडतंय? बाबा, तुम्ही काय केलंत?"

त्याने मोबाइल कानावरून खाली घेतला.

समोर उत्तम पडला होता. मोडक्या कोपराला पोटाशी धरून दुसऱ्या हातावर उठायची खटपट करत होता. चाळीस माणसं पंढरीनाथच्या तोंडाकडे बघत होती. सांगायचं होतं ते इतकंच: थांबा, याने नाही घातलं, मी घातलं. पण पंढरीनाथला ते बोलायची लाज वाटली. ज्यांच्या बापजाद्यांनी भोईरांच्या मिठागरांवर मजुरी केली ती माणसं तिथे उभी होती, भाडेकरू उभे होते, मोबाइल चालू होते. स्वतःच्या हाताने स्वतःच्या कुत्र्याला विष भरवलं आणि त्यापायी एका निरपराध माणसाला माती खायला लावली, हे सगळ्यांसमोर कसं म्हणायचं? आधी याला उचलून वर नेऊ, त्याने मनाशी ठरवलं. माणसं पांगली की बंटीला बाजूला घेऊन सांगू. मग साटमच्या पाया पडू, घरात, दार लावून.

"काका, काय झालं?" बंटीने विचारलं. "काय म्हनली ताई?"

पंढरीनाथने मोबाइल नुसता खिशात टाकला.

"गेला का खंडू?"

पंढरीनाथच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते शरमेचं होतं, पण पाण्यावर तसं लिहिलेलं नसतं. बंटीने काकाचा पांढराफटक चेहरा पाहिला, ते पाणी पाहिलं, आणि त्याला काय कळायचं ते कळलं.

"भडव्या!" म्हणून तो फिरला आणि दोन्ही हातांनी धरलेला पाइप त्याने उत्तमच्या अर्धवट उचललेल्या चेहऱ्यावर घातला.

आवाज झाला तो हाडाचा. उत्तम ओरडलासुद्धा नाही. त्याचं डोकं फरशीवर आपटलं आणि डाव्या डोळ्याच्या जागी नुसतं रक्त भरत गेलं. विनिताची किंकाळी पार हायवेपर्यंत गेली असेल.

आता पंढरीनाथला कंठ फुटला. "आरं, मी घातला! मी घातला त्याला केक! सोड, सोड त्याला!" तो बंटीवर तुटून पडला, पाइप हिसकावून घेतला, त्याच पाइपाने पुतण्याच्या खांद्यात एक ठेवून दिला, मग पाइप फेकून उत्तमच्या शेजारी बसला आणि आपल्या शर्टाने ते रक्त दाबायला लागला. माणसं एकमेकांकडे बघत होती. म्हातारा काय बरळतोय, कोणाला उमगेना. बंटीला मात्र थोड्या वेळाने उमगलं. तो दोन पावलं मागे सरला, मग बाईकवर बसून निघून गेला. त्याला पोलिसांनी तिसऱ्या दिवशी पालीला एका मित्राच्या घरातून उचललं.

रिक्षा मिळेपर्यंत दहा मिनिटं गेली. पंढरीनाथने उत्तमला स्वतःच्या हातांवर उचलून नेलं. विनिता शेजारी बसली, पण तिने त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

हॉस्पिटलमध्ये संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. बरगड्या भरून येतील, कोपराला प्लेट घालावी लागेल. डावा डोळा गेला. डोळा गेला हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की विनिताने त्यांना ते दुसऱ्यांदा सांगायला लावलं. पंढरीनाथ भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. शर्ट नव्हता, अंगावर दुसऱ्याचं रक्त वाळलं होतं. मघाशीच चांदणीचा मेसेज आला होता, खंडूने डोळे उघडले, आता दोन-तीन दिवस लिव्हरवर लक्ष ठेवणार आहेत. दुसऱ्या कुठल्याही दिवशी तो आनंदाने नाचला असता. आज त्याला त्या कुत्र्याचाही राग आला आणि राग आल्याची आणखी लाज वाटली.

हवालदार जबाब घ्यायला आले. पंढरीनाथ उठून उभा राहिला. बाहेर गावातल्या वडीलधाऱ्यांची एक गाडी येऊन थांबली होती आणि आतून निरोपही आला होता की शेठ, काही बोलू नका, वकील येतोय, पोरानं रागात केलं एवढंच सांगायचं.

विनिता बाकावरून उठली आणि सरळ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या साडीला अजून वरणाचा डाग होता.

"तुमचा फोन वाजला होता," ती म्हणाली. "मी जिन्यात उभी होते, मी बघितलं. तुम्ही हात वर केलात, बोललात, फोन खाली घेतलात. केकचं तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना? त्या बंटीने तोंडावर पाइप घालायच्या आधी?"

हवालदाराने पेन थांबवलं. गाडीतून आलेला एक म्हातारा दारातून डोळ्यांनी खुणावत होता, नाही म्हण, नाही म्हण.

"आधी," पंढरीनाथ म्हणाला.

"किती आधी?"

त्याने तिच्याकडे पाहायचा प्रयत्न केला, पण मान वर होईना.

"थांब म्हनाया पुरंल," तो म्हणाला, "इतकं आधी."